एकट्यानं की जोडीनं?

सकाळी साडेसहाला उठायचं. व्यायाम, अंघोळ, नाश्ता. मग धर्मग्रंथाचा अभ्यास, आधी एकट्यानं आणि नंतर सोबत्याबरोबर. मुलूख परभाषेचा असेल तर भाषेची घोकंपट्टीही त्याच वेळात. दहाच्या सुमारास घराबाहेर पडायचं ते रात्री नऊपर्यंत लोकांत राहायचं. परतल्यावर उद्याच्या भेटी ठरवायच्या, टिपून ठेवायच्या आणि साडेदहाला दिवा मालवायचा. टीव्ही नाही, सिनेमा नाही, नोकरी नाही, कॉलेज नाही, मैत्रीण नाही. असं सलग दोन वर्षं.

हा दिनक्रम कुठल्या मठातल्या संन्याशाचा नाही. काल-परवापर्यंत शाळेच्या मैदानावर बास्केटबॉल खेळणाऱ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचा आहे. अमेरिकेतल्या युटा राज्यात ज्या चर्चचं मुख्यालय आहे त्या ‘चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या संप्रदायात मुलगा वयात आला की त्यानं दोन वर्षं धर्मप्रचाराला द्यावीत अशी अपेक्षा असते. मुलींवर तसं बंधन नाही, पण इच्छा असेल तर त्याही दीड वर्षासाठी जातात. २०१२ साली वयाची अट मुलांसाठी एकोणीसवरून अठरा आणि मुलींसाठी एकवीसवरून एकोणीस केली, तेव्हा अर्जांची रीघ लागली. जग या मंडळींना ‘मॉर्मन’ म्हणून ओळखतं. २०१८ पासून चर्चनं हे टोपणनाव टाळण्याची विनंती केली आहे. मराठी वाचकाला ओळख पटावी एवढ्यासाठीच ते इथं वापरतो आहे.

पवनीच्या स्तूपांच्या आणि वैनगंगेच्या काठी राहणाऱ्या माणसानं सॉल्ट लेक सिटीच्या मुलांबद्दल का लिहावं? कारण भंडारा जिल्हा हा धर्म सांगायला निघालेल्या माणसांच्या वाटेवरचा जिल्हा आहे. बौद्ध भिक्खू इथून गेले, महानुभाव इथून गेले, स्कॉटलंडचे पाद्री आले, आणि १९५६ नंतर इथल्या हजारो घरांनी स्वतः विचार करून धर्म निवडला. ही माणसं एकमेकांना ओळखत नव्हती. पण घर सोडून परक्या दारी उभं राहताना एक प्रश्न सगळ्यांना सोडवावा लागला : एकट्यानं जायचं की जोडीनं?

मॉर्मनांचं उत्तर पक्कं आहे. जोडीनं. येशूनं शिष्यांना दोघादोघांनी पाठवलं असं शुभवर्तमानात आहे, आणि मॉर्मनांच्या स्वतःच्या धर्मग्रंथातही १८३१ सालची तशीच आज्ञा आहे. आजचे प्रचारक ती अक्षरशः पाळतात. सोबत्याला ते ‘कंपॅनियन’ म्हणतात. हा कंपॅनियन आपण निवडायचा नसतो. त्या भागाचा प्रमुख, म्हणजे मिशन प्रेसिडेंट, जोड्या लावतो. युटाच्या डॉक्टरचा मुलगा आणि आंध्रातल्या शेतकऱ्याचा मुलगा एकाच खोलीत राहतील, एकाच शेगडीवर रांधतील आणि एकाच रस्त्यानं चालतील. न्हाणीघर सोडलं तर दोघांनी एकमेकांच्या नजरेआड व्हायचं नाही, इतका हा नियम कडक आहे. दर सहा आठवड्यांनी बदल्यांचा फेरा येतो. कुणी हलतं, कुणाचा कंपॅनियन हलतो, आणि जरा सूर जुळला म्हणेपर्यंत नवा माणूस समोर उभा राहतो. पहिलं नाव वापरायचं नाही. मुलगा ‘एल्डर’, मुलगी ‘सिस्टर’, पुढे आडनाव. काळ्या नावपट्टीवरही तेवढंच.

दिवसभर करायचं काय? ठरलेल्या लोकांच्या घरी जाऊन शिकवायचं, नवे लोक शोधायचे, आजाऱ्याला भेटायचं, कुणाचं सामान हलवायला हात लावायचा, कुठे इंग्रजीचा मोफत वर्ग घ्यायचा. बरेच तास चालण्यात आणि नकार ऐकण्यात जातात. आठवड्यातला एक दिवस, बहुतेक सोमवार, तयारीचा. त्या दिवशी कपडे धुवायचे, बाजार करायचा, केस कापायचे, जवळपास काही पाहायचं असेल तर पाहायचं आणि घरी पत्र लिहायचं. पूर्वी घरी फोन वर्षातून दोनदाच करता यायचा, नाताळला आणि मातृदिनाला. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला बोलायची मुभा मिळाली. ती बातमी आली तेव्हा किती आयांचे डोळे पाणावले असतील, हे ज्यांची मुलं पुण्या-मुंबईला शिकायला आहेत त्या लाखनी-साकोलीच्या आयांना सांगायला नको.

पगार नाही. उलट घरच्यांनी पैसे भरायचे. अमेरिकन कुटुंबाला महिन्याला ४०० डॉलर द्यावे लागत. जुलै २०२० पासून ते ५०० झाले. मुलगा महागड्या टोकियोत असो की स्वस्त गावात, रक्कम सारखी, म्हणजे खर्चाचा भार सगळ्यांत वाटला जातो. पुष्कळ मुलं लहानपणापासून यासाठी पैसे साठवतात. आणि कुठे जायचं हे आपल्या हातात नसतं. अर्ज करायचा, पत्राची वाट पाहायची. पत्रात ब्राझील निघेल, घाना निघेल, नाहीतर शेजारचं राज्यच निघेल. ज्यांना परभाषा शिकायची आहे त्यांना प्रशिक्षण केंद्रात काही आठवडे जास्त मिळतात. युटातल्या प्रोव्हो इथलं केंद्र सर्वांत मोठं. तिथं पन्नासहून अधिक भाषा शिकवतात. शिकवणारे बहुतेक जण त्या देशातून नुकतेच परत आलेले तरुणच असतात.

या व्यवस्थेला मी कडक म्हटलं, पण ती निर्बुद्ध नाही. अठरा वर्षांचं पोर परक्या देशात एकटं सोडलं तर ते आजारी पडेल, फसवलं जाईल, मोहात पडेल किंवा नुसतं रडत बसेल. सोबती असला की एकाला ताप आला तर दुसरा पेज करून घालतो, एकाचं मन उडालं तर दुसरा त्याला उठवून उभं करतो. शिवाय कुणाच्या घरात दोघं गेले की घरच्यांनाही निश्चिंती वाटते आणि गेलेल्यांवरही बालंट येत नाही. तरी जोडीचं दुःखही खरं आहे. ज्याच्याशी पटत नाही त्याच्याबरोबर चोवीस तास काढणं सोपं नाही. मनाची घालमेल कुणाला सांगायची तर सांगायला तोच एक. काही मुलं मुदत पुरी होण्याआधी परततात. गावी सगळ्यांना ठाऊक असतं की याला दोन वर्षांनी यायचं होतं. आजारानं आलेल्या पोरालाही ती नजर सोसावी लागते, आणि हे मला या पद्धतीतलं सर्वांत बोचणारं वाटतं. चर्चनं अलीकडे मानसिक आरोग्याकडे लक्ष दिलं आहे, नियमांतही थोडी ढील दिली आहे. पण गावाची नजर परिपत्रकानं बदलत नाही.

आता आपल्या बाजूला वळू. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर आणि चांडकापूरला १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं मिळून उत्खनन केलं. शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या नेतृत्वाखाली तिथं प्राचीन स्तूपांचे अवशेष उजेडात आले. वेदिकेचे कोरीव खांब मिळाले, ब्राह्मी लिपीतले दानलेख मिळाले. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी वैनगंगेच्या या वळणावर भिक्खूंचा राबता होता, आणि त्यांना पोसणारं, दगड कोरून देणारं गाव होतं. या भिक्खूंच्या परंपरेत पहिल्या साठ शिष्यांना बुद्धानं दिलेला आदेश नेमका उलटा आहे. विनयपिटकातल्या महावग्गात तो आला आहे : लोकांच्या हितासाठी फिरा, पण एका वाटेनं दोघं जाऊ नका. माणसं थोडी, मुलूख मोठा. दोघांनी एक वाट धरली तर दुसरी वाट कोरडी राहणार.

एकट्यानं जायचं, तर मग सोबतीला कोण? सोबतीला गाव. भिक्खूजवळ धान्य नाही, पैसा नाही. दुपारच्या आत कुणाच्या तरी दारी पात्र घेऊन उभं राहावंच लागतं. त्यामुळे गावाशी रोजचा संबंध अटळ. पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचं, म्हणजे वर्षावास. झाडीपट्टीत पावसाळ्यात चिखलातून बांधीबांधीनं फिरून दाखवा म्हणजे त्या नियमाचं शहाणपण कळेल. पुढे भिक्खूही दोघं-चौघं मिळून फिरू लागले, विहार झाले, मुक्काम वाढले. पण मूळ आदेश एकट्यानं जाण्याचाच होता.

तेराव्या शतकात आणखी एक एकटा माणूस या बाजूला आला. भडोचकडून निघालेले चक्रधर स्वामी. रिद्धपूरला गोविंदप्रभूंची भेट झाल्यावर कित्येक वर्षं ते एकटेच भ्रमंती करत होते. ‘लीळाचरित्रा’त त्या काळाला ‘एकांक’ असं नावच आहे. त्या एकांकात भंडाऱ्याचे नीळभट्ट त्यांना भेटले आणि घरदार सोडून त्यांच्यामागे निघाले. महानुभावांच्या परंपरेत ते भांडारेकार म्हणून ओळखले जातात आणि स्वामींचे पहिले शिष्य मानले जातात. भंडाऱ्याच्या किती मुलांना हे शाळेत सांगितलं जातं? मराठीतल्या पहिल्या गद्य चरित्रग्रंथात आपल्या गावाचं नाव शिष्याच्या उपनावातून कायमचं नोंदलं गेलं आहे, ही अभिमानानं सांगावी अशी गोष्ट आहे.

महानुभावांचा आचारधर्म चार गोष्टींवर उभा आहे : अटन, विजन, भिक्षा आणि स्मरण. फिरत राहायचं, एकांतात बसायचं, मागून खायचं, नाम घ्यायचं. ओळखीचं गाव, ओळखीची माणसं टाळायची. जिथं मानपान होईल तिथून उठायचं. मॉर्मन मुलाच्या दिवसात अटन आहे, अभ्यास आणि प्रार्थनेच्या रूपानं स्मरणही आहे. पण विजन नाही. सोबत्याशिवाय झाडाखाली तासभर बसायचं म्हटलं तर नियम आडवा येतो. तरुण वयात ज्याला देवाबद्दल बोलायचं आहे त्याला एकटं बसायची सवड मिळावी, असं मला मनापासून वाटतं. या बाबतीत मी चक्रधरांच्या बाजूनं आहे.

महानुभावांची पुढची वाटचाल तर या प्रकरणाच्या मुळाशी भिडते. ‘सूत्रपाठा’त स्वामींनी अनुयायांना कानडी आणि तेलंगी मुलखात जाऊ नये, महाराष्ट्रातच राहावं असं बजावलं आहे. काही शतकांनी त्यांचेच अनुयायी पंजाबात गेले, पेशावर-काबूलपर्यंत पोचले. तिकडे त्यांना ‘जयकृष्णी’ म्हणत. पश्तो आणि पंजाबी बोलणाऱ्या मुलखात मराठी पोथ्या वाचल्या जात होत्या, सांकेतिक लिपीत उतरवल्या जात होत्या. मराठी माणूस धर्म घेऊन परदेशी गेल्याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

मॉर्मनांचा महाराष्ट्राशी आलेला पहिला संबंध मात्र भंडाऱ्यात नाही, मुंबई-पुण्यात शोधावा लागतो. हा संप्रदाय जोसेफ स्मिथनं १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापला. छळ झाला, संस्थापक मारला गेला, आणि ब्रिगम यंगच्या मागे हे लोक १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या ओसाड खोऱ्यात जाऊन वसले. वसून पाच वर्षं होतात न होतात तोच, ऑगस्ट १८५२ च्या परिषदेत, त्यांनी शंभराच्या आसपास पुरुषांना जगभर पाठवायचं ठरवलं. त्यांतले नऊ जण हिंदुस्थानसाठी होते. हे आजच्यासारखे अठरा वर्षांचे नव्हते. बायका-मुलं, अर्धी बांधलेली घरं मागे ठेवून निघालेले संसारी पुरुष होते. सॅन फ्रान्सिस्कोहून जानेवारी १८५३ च्या अखेरीस ते ‘मान्सून’ नावाच्या जहाजावर चढले आणि एप्रिलमध्ये कलकत्त्याला उतरले.

त्यांच्या आधीच, सप्टेंबर १८५२ मध्ये, ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन इंग्लंडहून मुंबईत पोचला होता. एकटा. मुंबईत बस्तान बसेना म्हणून तो पुण्याला गेला. त्या काळचं पुणं डोळ्यांसमोर आणा. जोतीराव आणि सावित्रीबाईंची मुलींची शाळा १८४८ मध्ये निघालेली. नोव्हेंबर १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात जोतीरावांचा सरकारी सत्कार झाला. दक्षिणेत बाबा पदमनजी ख्रिस्ती होण्याच्या उंबरठ्यावर होते. १८५४ मध्ये बेळगावला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे धर्म, जात, शिक्षण यांवर पुण्यात वाद पेटलेला असताना हा माणूस तिथं होता. पण तो बोलत कुणाशी होता? छावणीतल्या गोऱ्या शिपायांशी.

त्यात नवल नाही. भाषा एक, सवयी एक. काही शिपाई आणि त्यांच्या घरचे त्याच्याकडे वळले. युरोपियन, अँग्लो-इंडियन आणि थोडे देशी लोक मिळून एक छोटी मंडळी १८५३ मध्ये पुण्यात उभी राहिली. लगेच लष्करी अधिकारी बिथरले आणि छावणीत त्याच्या प्रचाराला मनाई झाली. वर आणखी एक संकट. ऑगस्ट १८५२ च्या त्याच परिषदेत मॉर्मनांनी बहुपत्नीत्वाची चाल उघडपणे मान्य केली होती. ती बातमी इथल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत आली आणि फिंडले तोंड उघडण्याआधीच लोक त्याला तो प्रश्न विचारू लागले. (ही चाल चर्चनं १८९० मध्ये सोडली, आज ती करणाऱ्याला बाहेर काढतात.)

त्या वेळी मॉर्मन प्रचारकांनी कनवटीला पैसा न बांधता निघायचं, लोक देतील त्यावर राहायचं, असा दंडक होता. इंग्लंडच्या खेड्यांत तो चालून गेला. इथं तो कोसळला. खरं म्हणजे भिक्षेवर जगणाऱ्याला खाऊ घालणारा देश याच्याइतका दुसरा कुठला? पण भिक्षा मिळते ती झोळीला, साहेबाच्या टोपीला नाही. गोऱ्या माणसानं कुणब्याच्या दारी भाकरी मागायची तर आधी त्याला राज्यकर्त्यांच्या जातीतून बाहेर पडावं लागलं असतं. आणि गोऱ्यांच्या बंगल्यांत मागायचं तर तिथं मॉर्मन म्हटल्यावर दार बंद. दोन्हीकडचं दार बंद झालेल्या या माणसांनी दोन-तीन वर्षं काढली, ही त्यांची चिकाटी मात्र मानायला हवी.

फिंडलेला मराठी लोकांची आठवण झाली नाही असं नाही. १८५५ मध्ये मुंबईत त्यानं खास मराठ्यांना उद्देशून एक पुस्तिका छापली. पण तोवर निघायची वेळ झाली होती. अमेरिकन मिशनरी मुंबईत १८१३ पासून मराठी शिकत होते, नगरला सुरू झालेला ‘ज्ञानोदय’ १८४२ पासून निघत होता, मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये छापून झाला होता. चार दशकांच्या या मेहनतीसमोर छावणीतली अडीच-तीन वर्षं काय टिकणार? मे १८५६ मध्ये रॉबर्ट स्केल्टन हा शेवटचा प्रचारक हिंदुस्थान सोडून गेला. हाती आलेल्या थोड्या लोकांपैकी काही युटाला गेले. कलकत्त्यातल्या अशाच एका घरातला, तिथंच जन्मलेला आल्फ्रेड मॅक्यून पुढे खाणींच्या धंद्यात गबर झाला. सॉल्ट लेक सिटीत त्याचा वाडा आजही उभा आहे.

त्याच वर्षांत आपल्या नागपूरला स्कॉटिश पाद्र्यांची एक जोडी काम करत होती. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये आला, दोन वर्षांनी रॉबर्ट हंटर. ही जोडी नियमानं बांधलेली नव्हती. आवडीनं जमलेली होती. दोघांनी मिळून नागपूर भागातले खडक आणि जीवाश्म शोधले, त्यावर निबंध लिहिले. हिस्लॉप मराठी शिकला, त्यानं शाळा चालवल्या, गोंडांमध्ये बसून लिंगोचं गीत लिहून घेतलं. ते त्याच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेम्पलनं प्रसिद्ध केलं. भंडारा-गोंदियाच्या गोंड घरांत जी कथा पिढ्यान्‌पिढ्या गायली गेली तिचं पहिलं छापील रूप धर्म सांगायला आलेल्या माणसाच्या टिपणांतून आलं. त्याला किती लोकांना ख्रिस्ती करता आलं हे मला महत्त्वाचं वाटत नाही. त्यानं ऐकून घेतलं हे महत्त्वाचं वाटतं. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून झाल्यावर तिथली शाळा तपासायला तो मागे राहिला आणि रात्री एकटाच घोड्यावरून निघाला. बोरी नदीला पूर होता. तो बुडाला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्या नावाचं.

धर्माची गाठ कधी ठरवून पडते, कधी प्रवासात. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला चालले होते. डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. बोलणं कवितेवरून धर्मावर गेलं, त्यानं नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ती गाडी वरठी, तुमसर रोड, गोंदिया याच लोहमार्गानं गेली. मराठी ख्रिस्ती कवितेचा उगम असा आपल्या धानाच्या बांधींमधून धावणाऱ्या डब्यात आहे.

आजच्या भारतात मॉर्मन प्रचारकांची संख्या लहान आहे. १९९३ मध्ये बंगळुरूला मिशन निघालं, २००७ मध्ये दिल्लीला, २०१२ मध्ये हैदराबादला त्यांचा पहिला विभाग स्थापन झाला. बंगळुरूच्या मंदिराची घोषणा २०१८ मध्ये झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये पायाभरणी. परदेशी मुलांना व्हिसा मिळणं अवघड, त्यामुळे इथं फिरणाऱ्यांत भारतीय मुलंमुलीच मोठ्या संख्येनं असतात. इथं दारोदार फिरणंही बेतानं. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमानं धर्मप्रसाराचा हक्क दिला आहे, पण दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क त्यात येत नाही असं सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केलं.

या प्रश्नाची चर्चा विदर्भाला नवी नाही. नागपूर जेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होती आणि भंडारा त्याच राज्यात होता, तेव्हा १९५४ मध्ये मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली गेली. १९५६ मध्ये तिचा कठोर अहवाल आला. आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला बाबासाहेबांबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेणाऱ्यांत निवृत्त न्यायमूर्ती नियोगी होते. आमिषानं होणाऱ्या धर्मांतरावर टीका करणाऱ्या माणसानं विवेकानं धर्म बदलला, यात मला विसंगती दिसत नाही. निवड कोण करतो, हाच तर त्यातला मुद्दा आहे. बाबासाहेब १९५४ मध्ये भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले; दोन वर्षांनी याच जिल्ह्यातली घरंच्या घरं त्यांच्यामागे दीक्षाभूमीवर गेली. कुणी दोन वर्षं दार ठोठावून त्यांना वळवलं नव्हतं.

पुढे इथूनही माणसं बाहेर गेली. पञ्ञा मेत्ता संघाचे भदंत संघरत्न मानके लहान वयात जपानला गेले आणि हिएई पर्वतावरच्या तेंदाई परंपरेत घडले. पवनीजवळच्या रुयाडचा महासमाधीभूमी स्तूप त्या जपानी नात्यातून उभा राहिला. आठ-दहा वर्षांच्या वैदर्भी मुलानं बर्फाच्या डोंगरावर परभाषेत सूत्रं पाठ करायची म्हणजे काय, याचा विचार केला की युटाच्या मुलाची धडपड आपल्याला परकी वाटत नाही.

अशी एखादी जोडी तुम्हाला नागपूर-गोंदिया गाडीत किंवा हैदराबाद-पुण्याच्या रस्त्यावर भेटली, तर त्यांचं मत पटायलाच हवं असं नाही. नको असेल तर सरळ नको म्हणा. ते त्यांना रोज ऐकायची सवय आहे. चहाचा आग्रह करू नका. चहा, कॉफी, दारू, तंबाखू त्यांना १८३३ च्या एका शिकवणुकीनं वर्ज्य आहे, आणि कप नाकारताना आपण यजमानाचा अपमान करतो आहोत या विचारानं ती मुलं कानकोंडी होतात. ताक द्या, लिंबाचं सरबत द्या. घरी आई-बाबा कसे आहेत, भाऊ-बहीण किती, शेवटचा फोन कधी झाला ते विचारा. आणि त्यांच्याशी इंग्रजी पाजळू नका. मराठीत बोला, सावकाश बोला, चुकले तर दुरुस्त करा.